आधी काय उघडायचं, विजू?

विजू,

तुझ्या तेराव्यापर्यंत जेवढी माणसं घरी येऊन गेली, त्यांतल्या बहुतेकांनी दारात चपला काढता काढताच विचारलं, "करोना होता का?" मी नाही म्हटलं की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. "हार्ट होय? मग ठीक." लगेच मास्क हनुवटीखाली यायचा आणि खुर्ची जवळ सरकायची. मग ठीक! जसं काही हृदय बंद पडून गेलेलं माणूस थोडं कमी गेलेलं असतं. सुलतान बाजारातल्या मामींनी तर तुला नशीबवान ठरवलं. दोन वर्षं साथीत उभी राहिली, पण साथीने नाही गेली हो, म्हणाल्या. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगीचच दोन पातेली आपटली.

तू असतीस तर मामींना तिथल्या तिथे सुनावलं असतंस. "मामी, साथ आली म्हणून बाकीचे रोग काही रजेवर गेले नव्हते." हे वाक्य तू गेल्या वर्षभरात इतक्यांदा म्हणालीस की मला पाठ झालंय. बाहेर येऊन मामींना मी तेच ऐकवलं, पण तुझ्या तोंडून ते डॉक्टरीण बोलल्यासारखं वाटायचं, माझ्या तोंडून भांडल्यासारखं वाटतं. भांडतेच आहे म्हणा मी. मास्क नसला तरी चालेल असं सरकारने सांगितलं त्याच सुमारास तू गेलीस, आणि सगळं शहर कसं सुटल्यासारखं हसतंय. मला त्या हसण्याचासुद्धा राग येतो.

तुझाही येतो, हे आत्ताच सांगून टाकते. आठवडाभर तुझ्या पाठीत कळ येत होती आणि श्रीपादभाऊजींना तू सांगितलंस की ॲसिडिटी आहे. भाऊजी बिचारे बँकेतले. त्यांना डॉक्टर बायको जे सांगेल ते खरं. अख्ख्या गल्लीच्या छातीला नळी लावणारी बाई स्वतःच्या पाठीला बाम चोळत बसली. मी बरोबर खालच्या मजल्यावर होते. एक हाक मारली असतीस तर तुला ओढत नेलं असतं, माझ्या त्या चकचकीत इस्पितळात, ज्याच्या नावाने तू नाक मुरडायचीस. म्हणूनच हाक मारली नाहीस, हे मला कळत नाही असं समजू नकोस.

तीस वर्षांची जाऊ तू माझी. सख्ख्या बहिणीशी बोलले नसेन एवढं तुझ्याशी बोलले, आणि त्यातलं तीन चतुर्थांश भांडण होतं.

पहिलं भांडण आठवतं तुला? तू लग्न होऊन आलीस तेव्हा काचीगुड्याचं आपलं घर बैठं होतं, बिल्डरला अजून दिलं नव्हतं. देश खुला होतोय असं पेपरात रोज यायचं आणि आमच्या घरात मात्र फ्रीजला सासूबाईंनी विणलेलं कव्हर होतं. तू पुण्याची, सरकारी दवाखान्यात नव्याने लागलेली. आम्ही नांदेडकडची शेतकरी माणसं, दोन पिढ्यांपूर्वी इथे हैदराबादला आलेली, बोलण्यात निम्मं उर्दू आणि पाव तेलुगू. तुझं ते शुद्ध बोलणं ऐकून सासूबाई मला हळूच म्हणाल्या होत्या, "ही रागवायली का प्रेमानं बोलायली, काहीच समजंना."

पहिल्याच चैत्रात आपलं गौरीचं हळदीकुंकू होतं. मी आरास मांडली, गौर पाळण्यात बसवली, कैरीची डाळ वाटली, पन्हं केलं, हरभरे भिजवले. दारात अत्तरदाणी घेऊन उभी राहिले. आणि तू? नवा शालू नेसून, नाकात नथ घालून बैठकीच्या कोपऱ्यात बसलीस, समोर स्टुलावर ते पाऱ्याचं बीपीचं मशीन. येणाऱ्या प्रत्येक बाईला आधी तिथे बसवायचं, बांगड्या मागे सारून दंडाला पट्टा बांधायचा आणि मगच गौरीकडे सोडायचं. आपल्या ह्यांच्या साहेबांच्या सौ. आल्या. त्यांचाही दंड धरलास. बरं, मोजलंस ते मोजलंस, वर सगळ्यांच्या देखत म्हणालीस, "एवढं प्रेशर? गोळी घेता की नाही?" त्या बाईंनी ओटी घेतली, पण पन्ह्याचा पेला तसाच ठेवून गेल्या.

सासूबाई कपाळाला हात लावून बसल्या. "अगं, बायका गौरीपुढं सौभाग्य मागाया येतात अन् तू त्यांना रोग वाटायलीस?"

"आई, सौभाग्य राहायला आधी बाई राहायला नको का?" तू म्हणालीस.

मी तुझ्याशी आठवडाभर बोलले नाही. तुला ते कळलंच नाही, कारण तू सकाळी दवाखान्यात जायचीस आणि आल्यावर जेवता जेवता झोपायचीस. आठवड्याने साहेबांच्या सौ. मागच्या दाराने आल्या. "कुणाला सांगू नका," असं मला म्हणत तुझ्या खोलीत गेल्या. पुढच्या चैत्रात त्यांनी आपल्या दोन नणंदा आणल्या. त्याच्या पुढच्या चैत्रात तर बायका अत्तराआधी दंडच पुढे करायला लागल्या. गल्लीच्या तोंडाशी बांगड्यांचं दुकान असलेली रझिया पन्ह्यासाठी यायचीच. ती दारातून विचारायची, "बडी भाभी, डॉक्टरअम्मा पट्टा बांधना शुरू करे क्या?" आपल्या घरच्या हळदीकुंकवाला लोक 'पट्ट्याचं हळदीकुंकू' म्हणायला लागले आणि मला त्याची लाज वाटायची बंद कधी झाली, ते आठवत नाही.

मिठाचं मात्र मी कधी ऐकलं नाही. तू कैरीच्या डाळीत मीठ कमी करायला लावलंस आणि आपल्या घरची डाळ अळणी म्हणून अख्ख्या काचीगुड्यात प्रसिद्ध झाली. मी माझ्यापुरती वाटीभर वेगळी काढायचे आणि तुझ्या डोळ्यांदेखत त्यात मीठ घालायचे. "वहिनी, एकदा तुमचाही दंड द्या," तू म्हणायचीस. मी म्हणायचे, मी या घरची यजमानीण आहे, पेशंट नाही. तीस चैत्र गेले. माझा दंड तुला मिळाला नाही.

मग शहर बदलायला लागलं. आपल्या बैठ्या घराच्या जागी चार मजले झाले, वरचा फ्लॅट तुमचा आणि खालचा आमचा. काचेच्या भिंतींची इस्पितळं उभी राहिली. तिथून तुला बोलावणं आलं, थंडगार केबिन, न्यायला-आणायला गाडी. तू नको म्हणालीस आणि मी तुला वेडी म्हणाले. अजूनही म्हणते. त्या इस्पितळात माणसाला माणसासारखं वागवतात, संडासाला आतून कडी असते, नाव पुकारताना कुणी खेकसत नाही. माझे दोन्ही गुडघे त्यांनी केले आणि मी आज धडपणे चालते. यात खोटं काय आहे? तुझ्या दवाखान्यात बसायला धड बाक नव्हतं.

"बाक नाही म्हणून भांडा ना, वहिनी. मी येते भांडायला," तू म्हणायचीस. "पण बाक नाही म्हणून दवाखानाच नको, हे कुठलं गणित? तुमच्या त्या इस्पितळात माणूस पडल्यावर जातं. रझिया माझ्याकडे महिन्याला गोळ्या न्यायला येते, म्हणून ती पडत नाही."

यावर मी विषय बदलायचे. तू पुन्हा तिथेच आणायचीस. एकोणीस-वीस असा फरक असता तर आपण कधीच मिटवलं असतं. पण तू एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये चहाचा कप निवून जायचा.

साथ आली तेव्हा तू नुकतीच निवृत्त झाली होतीस. भाऊजींनी काशीची तिकिटं काढली होती. दवाखान्यातून निरोप आला, डॉक्टर कमी आहेत, तात्पुरतं या. तू गेलीस. आधी तिथे तपासण्या चालल्या, मग लस. गेटवर पाटी लागली की इतर आजारांच्या रुग्णांनी तूर्त येऊ नये. त्या 'तूर्त'वर तू किती चिडली होतीस! सुरुवातीला गेटच्या गजांमधून गोळ्यांच्या पट्ट्या देत राहिलीस, तू आणि तुझी ती लक्ष्मी सिस्टर. मग गोळ्याच यायच्या बंद झाल्या.

आणि तशातच मला ताप आला. मी आतल्या खोलीत, हे बाहेर. तू रोज जिन्यात येऊन बसायचीस आणि बंद दाराबाहेरून माझ्याशी भांडण उकरून काढायचीस. सासूबाईंच्या पाटल्या कुणाला मिळायला हव्या होत्या इथपासून ते मी केलेलं वरण पातळ असतं इथपर्यंत. मला असा संताप यायचा! एवढ्या तापात ही बाई मला वरणावरून बोलते, म्हणून मी आतून ओरडून ओरडून उत्तरं द्यायचे. पुढे कधीतरी लक्ष्मी सिस्टरने मला सांगितलं. तू जिन्यात बसून माझी वाक्यं ऐकायचीस, बोलताना मला धाप लागते का ते बघायला. मी लांबलचक भांडले की तू निश्चिंत होऊन वर जायचीस. विजू, हे तू मला स्वतः कधी सांगितलं नाहीस. मीही कधी विषय काढला नाही. मला वाटलं, काढू की, घाई काय आहे.

मग हळूहळू सगळं उघडायला लागलं. दारूची दुकानं तर केव्हाच उघडली होती. मॉल उघडले, सिनेमे उघडले, लग्नाचे हॉल असे उघडले की दोन वर्षांची सगळी लग्नं एकाच मोसमात. माझा मुलगा हायटेक सिटीत परत ऑफिसला जायला लागला. शेवटी नामपल्लीची नुमाइश, ते दरवर्षीचं मोठं प्रदर्शन, भरली आणि मी तुला ओढून घेऊन गेले. दोन वर्षं गेलो नव्हतो. मिरची भजी खाल्ली, लखनवी कुडते उलटेपालटे करून पाहिले. मी खुशीत होते आणि तू तोंड पाडून. मोठा पाळणा फिरत होता, पोरं किंचाळत होती, आणि तू त्याच्याकडे बघत म्हणालीस, "पाळणा सुरू झाला. माझ्या दवाखान्याचं कुलूप तसंच आहे."

मी वैतागले. "अगं, लोकांना जरा मजा करू दे की. कोंडून घातली होती माणसं."

"करू दे ना. मीपण भजी खातेच आहे. मला फक्त एवढं सांगा, आधी काय उघडायचं हे कोण ठरवतं?"

"ज्याला घाई असते तो."

"आणि आजारी माणसाला घाई नसते?"

"असते. पण तो ओरडत नाही. दुकानदार ओरडतो," मी म्हटलं. तू भजी चावायची थांबलीस आणि माझ्याकडे असं बघितलंस, जणू मी चुकून तुझ्या बाजूचं काहीतरी बोलून गेले होते.

पुढच्या गल्लीत रझियाचा बांगड्यांचा स्टॉल होता. दरवर्षी असतो तसाच. ती मात्र नेहमीसारखी उठली नाही. बसल्या बसल्याच हसली. तुझी नजर टेबलाखाली गेली. तिचा उजवा पाय जुन्या ओढणीत गुंडाळलेला होता. तू त्या गर्दीत, त्या धुळीत, चांगल्या साडीनिशी खाली बसलीस आणि ओढणी सोडवलीस. अंगठा काळा पडला होता.

"गोलियां कब से बंद हैं, रझिया?"

"खतम हुए सो कब के, अम्मा. दवाखाना बंद है ना? तो मैं कां जाऊं?"

"मेरे घर आने कू क्या हुआ था?"

"आप लोगां कोविडवाले थे ना अम्मा. डर लगा."

तू तिला तिथूनच मोठ्या सरकारी इस्पितळात पाठवलंस, तिच्या मुलाबरोबर तूही गेलीस. मी एकटी घरी आले, हातात कुडत्यांची पिशवी. तिचा अंगठा गेला. पाय वाचला म्हणून सगळे देवाचे आभार मानत होते आणि तू सोफ्यावर बसून म्हणत होतीस, "गोळी होती हो, वहिनी. साधी शुगरची गोळी." मी तुला त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं, सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा.

मग तू मला आरोग्य खात्याच्या ऑफिसात घेऊन गेलीस. "तुम्ही मोठ्याने बोलता, म्हणून चला," असं सांगून. तिथला साहेब तरुण होता, गोड बोलणारा. पाणी मागवलं. तू त्याची सीनियर आहेस हे त्याने चारदा सांगितलं. लसीचं काम संपत आलं, आता जुनी ओपीडी सुरू करा, डॉक्टर द्या, गोळ्या द्या, एवढंच तू मागत होतीस. तो म्हणाला, तो दवाखाना आता दुसऱ्यात विलीन करायचं चाललंय. "पेशंट ही नहीं आ रहे, मॅडम. ओपीडी पूरा निल है."

"गेट को ताला है," तू म्हणालीस.

"हां मॅडम, लेकिन पेशंट आते तो ताला खोलते ना?"

मी हसले. मला आवरलंच नाही. तू हसली नाहीस. तुझी मान हळूहळू लाल होत गेली. तेवढ्यात त्याने सांगितलं की साथीत काम केलेल्यांचा सत्कार ठेवलाय, शाल आहे, तुम्ही यायलाच हवं. तू उठून उभी राहिलीस आणि त्याला म्हणालीस, "शाल मेरे घर में बहुत हैं, बाबू." मला आयुष्यात तुझा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता. तेही मी रिक्षात बसल्यावर बोलले नाही. बोलले ते भलतंच.

मी म्हणाले, "सोड आता. रिटायर झालीस ना? काशीला जा. रझियाला मी माझ्या इस्पितळात नेते, काय लागेल ते मी बघते."

"रझियाला न्याल. बाकीच्यांचं?"

"बाकीच्यांचा काय मी ठेका घेतलाय?"

"मग कोणी घ्यायचा?" तू विचारलंस, आणि रस्त्याकडे तोंड केलंस. रिक्षावाला आरशातून आपल्याकडे बघत होता.  काचीगुडा स्टेशनच्या सिग्नलला तू एकदम उजळून वळलीस. तुझं ते वळणं मला आत्ताही दिसतं.

"वहिनी, यंदा गौर मोठी करू. दोन वर्षांच्या सगळ्या बायका बोलवू. डाळ-पन्हं झालं की सगळ्यांना घेऊन दवाखान्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसू. पेशंट हवेत ना त्यांना? घ्या म्हणावं, पेशंट."

"हळदीकुंकवाच्या बायका मोर्चाला नेणार तू?"

"मोर्चा कसला? नुसतं बसायचं. दंड पुढे करून."

"मी नाही येणार. सांगून ठेवते. मी पेशंट नाही."

"तुम्ही तर पहिल्या," तू म्हणालीस.

ते वाक्य तसंच राहिलं. पाडवा झाला. कैऱ्या मी आणून ठेवल्या होत्या, तू पाठवलेल्या, बोलवायच्या बायकांच्या यादीवरून आपलं थोडं वाजलंही होतं. तिजेला गौर पाळण्यात बसायची होती, त्या सकाळी भाऊजी अनवाणी खाली आले आणि दारात नुसते उभे राहिले. पुढचं मला लिहायचं नाही. कैऱ्या टोपलीत पिकून गेल्या.

तेराव्याला बायका आल्या. आपल्या हळदीकुंकवाच्याच सगळ्या, फक्त कपाळाला कुंकू न लावता परत जाणाऱ्या. रझियाही आली, मुलाच्या खांद्याला धरून. बैठकीच्या कोपऱ्यात, जिथे तुझं स्टूल असायचं, तिथल्या खुर्चीवर मी तिला बसवलं. ती बसली, बांगड्या मागे सारल्या, बाही वर केली आणि हात पुढे धरला. कुणी सांगितलं नव्हतं. त्या खुर्चीवर बसलं की तिचा हात आपोआप पुढे होत असणार. मग तिच्या लक्षात आलं. तिने बाही खाली ओढली आणि तोंडावर पदर घेतला. सगळ्या बायकांचा बांध फुटला. साहेबांच्या त्या सौ., आता काठी घेऊन चालतात, त्या मोठ्याने म्हणाल्या, "आता माझं कोण बघणार गं?"

मला काय झालं कोण जाणे. मी शोकेसवरून तुझी ती पेटी काढली. रझियाचा दंड धरला, पट्टा बांधला, नळी कानात घातली, फुगा दाबला. पारा वर गेला, खाली आला. मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. कानात नुसता माझाच श्वास. तीस वर्षं समोर चाललेलं, आणि मला कशाचा ठोका कधी ऐकायचा तेही ठाऊक नाही. रझिया माझ्याकडे बघत होती, भरवशाने. मी नळी काढली आणि ओरडलेच. "मला नाही येत हे! हे माझं काम आहे का? हे ज्यांचं काम आहे त्यांच्याकडे चला. सोमवारी चला सगळ्या."

लसीची रस्त्याकडची खिडकी आठवड्यातून एकदा, सोमवारी उघडते, एवढंच काय ते आता तिथे उरलंय. काल सोमवार होता. मला वाटलं होतं, येऊन येऊन चार जणी येतील. पायऱ्या भरल्या, विजू. रझिया होती, साहेबांच्या सौ. होत्या, मामीसुद्धा होत्या सुलतान बाजारातल्या, मास्क लावून. गेटला कुलूप आणि आम्ही त्याच्यापुढे मांड्या घालून. रस्त्यावरून जाणारे विचारत होते, लस संपली का? मी सांगत होते, नाही, आम्ही पेशंट आहोत. हे मी म्हणाले. तुझ्या वहिनीने, मोठ्याने.

लक्ष्मी सिस्टर खिडकीतून डोकावली. मला बघून तिचे डोळे भरले, मग मागच्या बायका बघून घाबरली. "बडी भाभी, बीपी-शुगर बंद है. ऑर्डर नै है."

"ऑर्डर नको. पट्टा आण."

"भाभी, मेरी नौकरी..."

"मैं पेशंट हूं," मी म्हटलं आणि खिडकीच्या कट्ट्यावर माझा दंड ठेवला. बांगड्या मागे सारल्या.  सिस्टरने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा रझियाच्या पायाकडे. मग आत गेली आणि मशीन घेऊन आली.

पट्टा आवळला तेव्हा तू आठवलीस. किती साधी गोष्ट होती गं. दंडाला जरा घट्ट लागतं, मग सुटतं. एवढ्यासाठी मी तुला तीस वर्षं नाही म्हणत राहिले. हट्ट होता, दुसरं काही नाही, आणि तुझ्याशी हट्ट करण्यात मला मजा यायची. आता ती मजा कुणाशी करू?

सिस्टरने एकदा मोजलं, परत मोजलं. "भाभी, ज्यादा है. बहुत ज्यादा. अम्मा कू कभी दिखाए नै?"

मी मान हलवली. मागून साहेबांच्या सौ. म्हणाल्या, "बघा!" तीस वर्षांचा हिशेब त्यांनी एका शब्दात चुकता केला.

सिस्टर तुझ्याच सुरात सांगायला लागली. नमक कम करो, आराम करो, एक बार के बीपी पे गोली नै देते, फिर देखना पडता. आणि तुझ्यासारखंच, सवयीने, बोलून गेली, "परसों आ के फिर दिखाओ."

बोलली आणि थांबली. परवा बुधवार. बुधवारी तिथे काहीच उघडत नाही.

 रझियानेच हळू विचारलं, "परसों खुलता क्या, सिस्टर?"

सिस्टरने गेटच्या कुलपाकडे पाहिलं. मग कमरेच्या किल्ल्यांकडे. मग परत माझ्या दंडाकडे, ज्याच्यावर पट्ट्याचा वळ अजून होता.

"आओ," ती म्हणाली. "मैं खोलती."

ऑफिसातला साहेब तिला बोलेल. मला ठाऊक आहे, आणि म्हणून मीही जाणारच आहे, मोठ्याने बोलते मी. डॉक्टर येईल की नाही, गोळ्या येतील की नाही, त्यानंतर पुन्हा कुलूप लागेल की काय, मला काही सांगता येत नाही. तुला खोटं सांगून उपयोग नाही, तू पकडशील.

पण उद्या बुधवार आहे, विजू. उद्या दवाखाना उघडतोय, एका पेशंटसाठी. आज जेवायला मी आमटी अळणी केली. ह्यांनी पहिला घास घेतला आणि वर, तुमच्या मजल्याकडे बघितलं.